विश्लेषण : डिसोझा, मेंडोन्सा, परेरा... उत्तनच्या मराठी घरांत ही आडनावे आली कुठून?

भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेकडून निघालेली बस मुर्धे, राई, मोर्वा ही गावे मागे टाकत डोंगरीमार्गे उत्तन, चौक, पालीकडे जाते. पुढे गेल्यावर घरांवरच्या पाट्या बदलू लागतात. म्हात्रे, पाटील यांच्या जोडीला डिसोझा, मेंडोन्सा, परेरा, गोन्साल्विस, रॉड्रिग्ज अशी आडनावे दिसतात. घराच्या आत मात्र बोलणे मराठीच असते, समुद्रकाठच्या कोळी-आगरी वळणाचे.

२०११च्या जनगणनेत मीरा-भाईंदर महापालिकेची लोकसंख्या ८ लाख ९ हजार ३७८ होती. यातले बहुसंख्य लोक गेल्या काही दशकांत येथे राहायला आले. त्यांच्यापैकी अनेकांना उत्तनची ही आडनावे ‘इंग्लिश’ वाटतात. काहींना वाटते, ही मंडळी गोव्याहून आली असावीत. प्रत्यक्षात ही आडनावे इंग्लिश नाहीत आणि ती लावणारी उत्तनची कुटुंबे गोव्याचीही नाहीत. मग ही आडनावे आली कुठून, त्यांचा अर्थ काय, आणि त्यावरून माणसाच्या मूळ घराण्याबद्दल काही सांगता येते का?

ही आडनावे इंग्लिश आहेत का?

नाहीत. ती पोर्तुगीज आहेत. गोंधळ होण्याचे कारण सोपे आहे. आज ती आपल्यासमोर येतात ती इंग्रजी स्पेलिंगमध्ये, इंग्रजी उच्चारात आणि बहुतेकदा एखाद्या इंग्रजी वाटणाऱ्या पहिल्या नावाला जोडून. शाळेचा दाखला, पासपोर्ट, बँकेचे पासबुक, सगळीकडे रोमन लिपी. त्यामुळे मूळ पोर्तुगीज असलेले नाव इंग्लिश वाटू लागते.

इंग्लिश आणि पोर्तुगीज आडनावे तयार होण्याची रीत मात्र बरीच सारखी आहे. इंग्लिशमध्ये जॉनचा मुलगा तो जॉन्सन, विल्यमचा तो विल्यम्स. पोर्तुगीजमध्ये हेच काम शेवटचा ‘एश’ करतो. आपल्याकडे तो ‘एस’, ‘इस’ किंवा ‘ज’ असा लिहिला जातो. रॉड्रिगोचा मुलगा रॉड्रिग्ज, फर्नांदोचा फर्नांडिस, गोन्सालोचा गोन्साल्विस, आल्व्हारोचा आल्वारिस, मेंदोचा मेंडिस, नूनोचा नुनीस. उत्तनच्या किंवा वसईच्या एखाद्या गल्लीत रॉड्रिग्ज भेटले, तर त्या नावात हजार वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी रॉड्रिगोच्या मुलाची आठवण आहे. तो रॉड्रिगो पोर्तुगाल किंवा स्पेनचा. त्या गल्लीतल्या माणसाचा तो पूर्वज असेलच असे नाही, किंबहुना बहुधा नसतोच. या विषयाचा सगळा गाभा या फरकात आहे.

पोर्तुगीज भाईंदरच्या खाडीपर्यंत कसे पोहोचले?

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. त्या तहाने वसई आणि तिच्या ताब्यातला साष्टीसह मुंबईपर्यंतचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. वसई ही त्यांच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी झाली. आजचे उत्तन, डोंगरी, चौक ज्या भागात आहे त्याला तेव्हा धारावी बेट म्हणत. मुंबईतल्या धारावीशी त्याचा संबंध नाही. वसईच्या खाडीच्या तोंडाशी असल्यामुळे वसईच्या संरक्षणासाठी हे बेट महत्त्वाचे होते.

सत्तेबरोबर फ्रान्सिस्कन, जेझुइट अशा पंथांचे धर्मगुरू आले. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यांच्या जागी चर्च आणि मठ उभारणारे फ्रान्सिस्कन फादर आंतोनियो दो पोर्तो हे साष्टीत काम करणाऱ्या सुरुवातीच्या पाद्रींपैकी एक. किनाऱ्यावरच्या कोळी, आगरी, कुणबी, भंडारी अशा वेगवेगळ्या समाजांतली माणसे ख्रिस्ती झाली. कुठे राज्यकर्त्यांचा दबाव होता, कुठे सवलतींची आशा, कुठे श्रद्धा. गावागणिक कारणे वेगळी होती.

१६६१ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिच्या इंग्लंडच्या राजाशी झालेल्या विवाहात मुंबई बेट आंदण म्हणून इंग्रजांना देण्याचे ठरले. साष्टी आणि धारावी बेट मात्र पोर्तुगीजांकडेच राहिले. त्यामुळे उत्तन परिसर दोनशे वर्षांहून अधिक काळ पोर्तुगीज अमलाखाली होता. कितीतरी पिढ्यांचे बारसे, लग्न आणि दफन या काळात चर्चच्या वहीत नोंदले गेले.

मग आडनाव मिळाले कसे?

बाप्तिस्म्याच्या वेळी. ख्रिस्ती धर्म स्वीकारताना माणसाला नवे नाव मिळे आणि त्याच्यासोबत आडनावही. हे आडनाव बहुतेकदा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचे किंवा धर्मपित्याचे असे. धर्मपिता म्हणजे त्या विधीला साक्षीदार आणि पालक म्हणून उभा राहणारा माणूस. तो पोर्तुगीज अधिकारी असे, सैनिक असे, जमीनदार असे किंवा आधीच ख्रिस्ती झालेला स्थानिक माणूस असे. त्याचे आडनाव परेरा असेल तर समोरचा कोळीही परेरा झाला.

ट्रेंट येथील धर्मसभेने (१५४५ ते १५६३) बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे नाव वहीत लिहिण्याचा नियम पक्का केला. त्यामुळे चर्चच्या वह्यांना महत्त्व आले. एकदा वहीत लिहिलेले नाव पुढे मुलांच्या बाप्तिस्म्यात, लग्नात, मृत्यूच्या नोंदीत उतरत गेले. एका विधीच्या वेळी मिळालेले नाव असे घराण्याचे नाव बनले.

याचे दोन परिणाम झाले. पहिला म्हणजे एकाच रक्ताच्या माणसांची आडनावे वेगळी झाली. दोन सख्ख्या भावांना वेगवेगळे धर्मपिते मिळाले, तर एकाची शाखा डिसोझा आणि दुसऱ्याची फर्नांडिस. दुसरा परिणाम याच्या उलट. ज्यांचे एकमेकांशी काहीही नाते नाही, अशी कुटुंबे एकाच आडनावाची झाली. एखाद्या गावाला एकाच पाद्रीने बाप्तिस्मा दिला, तर अर्ध्या गावाचे आडनाव एकच होऊ शकते. म्हणूनच या आडनावांच्या गावांत माणूस ओळखायला आडनाव पुरत नाही. आजोबांचे नाव, घराचे नाव, धंदा किंवा एखादे टोपणनाव जोडावे लागते.

त्या काळात मराठी मुलखातही सामान्य माणसाला आजच्यासारखे पक्के, कागदावरचे आडनाव नसे. माणूस स्वतःच्या नावाने, बापाच्या नावाने आणि गावाने ओळखला जाई. सर्वांना कायमचे आडनाव लिहायला लावले ते पुढे इंग्रजी अमलातल्या शाळांनी, जमीनमोजणीने आणि कोर्टकचेऱ्यांनी. त्या अर्थाने उत्तनच्या कोळ्याला लेखी आडनाव त्याच्या अनेक शेजाऱ्यांच्या आधी मिळाले.

काहींच्या रक्तात खरोखर पोर्तुगीज अंश होता का?

काहींच्या होता. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. त्यांचे वडील पोर्तुगीज होते आणि आई वसईची. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधल्या नागासाकी येथे त्यांना इतर २५ ख्रिस्ती व्यक्तींबरोबर वधस्तंभावर मृत्युदंड देण्यात आला. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. त्यांचे आडनाव वडिलांकडून आले होते.

पण वसईच्या किल्ल्यात राहणारे पोर्तुगीज आणि मिश्र कुटुंबांचे लोक वेगळे, आणि गावोगावी नांगर व जाळे चालवणारे स्थानिक लोक वेगळे. आडनाव दोघांचेही सारखे असू शकत होते. फक्त आडनावावरून कोण कुठल्या गटातला हे तेव्हाही सांगता येत नव्हते, आताही येत नाही.

या आडनावांचा अर्थ काय?

मराठी वाचकाला हे अर्थ परके वाटणार नाहीत. आपल्याकडे गावाला ‘कर’ जोडून आडनाव होते. पोर्तुगीजमध्ये गावाच्या किंवा जागेच्या आधी ‘द’ जोडतात. सोझा ही उत्तर पोर्तुगालमधली नदी. तिच्या परिसरातला तो डिसोझा. मराठीत सांगायचे तर ‘सोझाकर’. मेलो हे गाव, त्यावरून डिमेलो. आल्मेदा हे स्पेनच्या सीमेजवळचे तटबंदीचे गाव, त्यावरून डिआल्मेडा. ब्रितो या गावावरून दिब्रिटो. वसईत आढळणारे तुस्कानो हे आडनाव तर इटलीतल्या टस्कनी प्रांताची खूण सांगते.

मेंडोन्सा या आडनावाचा प्रवास आणखी लांबचा. त्याचे मूळ स्पेनच्या उत्तरेकडच्या बास्क भाषेत आहे आणि त्याचा अर्थ ‘थंड डोंगर’ असा सांगतात. स्पेनमध्ये ते मेंदोझा, पोर्तुगालमध्ये मेंडोन्सा झाले आणि तिथून भाईंदरच्या खाडीवर पोहोचले. २००९ साली मीरा-भाईंदर हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ म्हणून पहिल्यांदा मतदानाला सामोरा गेला, तेव्हा निवडून आलेले आमदार होते गिल्बर्ट मेंडोन्सा.

झाडांवरून आलेली आडनावे बरीच आहेत. परेरा म्हणजे नासपतीचे झाड, ऑलिव्हेरा म्हणजे ऑलिव्हचे झाड, कार्व्हालो म्हणजे ओक, नोगेरा म्हणजे अक्रोड. सिल्वा म्हणजे रान. प्राणीही आहेत. लोबो म्हणजे लांडगा. लोपीस हे लोपोचा मुलगा या अर्थाचे, आणि लोपो या नावाच्या मुळाशीही लॅटिनमधला लांडगाच आहे. म्हणजे आपल्याकडचे लांडगे आणि तिकडचे लोबो अर्थाने एकच. कुएलो म्हणजे ससा. पिंटो म्हणजे कोंबडीचे पिल्लू.

धंद्यावरून आणि वस्तूंवरून आलेली नावे : फरेरा लोखंडाच्या कामाशी जोडलेले, माशादो म्हणजे कुऱ्हाड, मोंतेरो म्हणजे शिकारी किंवा रानाची राखण करणारा. भक्तीतून आलेली नावे : क्रूझ म्हणजे क्रूस, रोझारिओ म्हणजे जपमाळ, सँटोस म्हणजे संतगण, बॅप्टिस्टा म्हणजे बाप्तिस्मा देणारा, म्हणजे येशूला बाप्तिस्मा देणारा संत योहान.

मात्र अर्थ वाचून आनंद घ्यावा, त्यावरून इतिहास रचू नये. उत्तनच्या फरेरांचे पूर्वज लोहार होते असा निष्कर्ष यातून निघत नाही. लोहारकाम केले असेल तर पोर्तुगालमधल्या कुठल्या तरी फरेराने.

‘डि’ की ‘दि’, ‘झा’ की ‘जा’?

पोर्तुगालमध्ये हे आडनाव ‘द सोझा’ असे दोन सुटे शब्द म्हणून लिहितात. मधला अपोस्ट्रॉफी, म्हणजे वर टांगलेला स्वल्पविराम, ही भारतात रूढ झालेली लेखनपद्धत आहे. इंग्रजी काळात ती पक्की झाली.

मराठीत आणखी एक वळण आहे. पोर्तुगीज ‘द’ हा मराठीतल्या ‘द’सारखा दंत्य. इंग्रजीतून आले की त्याचा ‘ड’ होतो. म्हणून इंग्रजी शाळेच्या दाखल्यावरून मराठीत आलेले नाव ‘डिसोझा’, आणि जुन्या उच्चाराला धरून राहिलेले ‘दिसोजा’, ‘दिब्रिटो’. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव येथे झालेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईचे. ते आपले आडनाव ‘द’ने लिहीत. मराठीतला ‘द’ येथे मूळ उच्चाराच्या अधिक जवळ आहे.

नावे उलट दिशेनेही बदलत. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्लिश. १५७९ साली ते गोव्यात आले आणि त्यांचा मराठी ग्रंथ १६१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे स्टीफन्स हे अस्सल इंग्लिश आडनाव, पण पोर्तुगीज कागदांत ते ‘एश्तेव्हांव’ झाले, कारण स्टीफनला पोर्तुगीजमध्ये तेच म्हणतात. आणि एक पोर्तुगीज नाव आपण दरवर्षी उन्हाळ्यात तोंडी घेतो. अफोन्सो या पोर्तुगीज नावाचे कोकणात ‘हापूस’ झाले. पगार, पाव, चावी, बटाटा, घमेले हे शब्दही त्याच वाटेने मराठीत आले. कोणी त्यांना परके म्हणत नाही.

मराठ्यांचे राज्य आले, तेव्हा आडनावे का बदलली नाहीत?

१७३७ साली मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत धारावी बेटावरही झुंज झाली. चौक येथील धारावी किल्ल्याचे अवशेष त्याची साक्ष देतात. मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पडला आणि उत्तर कोकणातली पोर्तुगीज सत्ता संपली.

पोर्तुगीज अधिकारी, सैनिक आणि त्यांचे धर्मगुरू निघून गेले. गावातली माणसे गावातच राहिली. आता नाव देणारे पोर्तुगीज धर्मपिते उरले नव्हते, पण तोपर्यंत त्यांची गरजही संपली होती. परेराच्या मुलाला बाप्तिस्मा द्यायला गावातलाच दुसरा परेरा उभा राहत होता. चर्चची जबाबदारी मुख्यतः गोव्याकडच्या एतद्देशीय पाद्रींवर आली आणि वह्या चालू राहिल्या. आडनाव आता राज्यकर्त्यांचे राहिले नव्हते, ते गावाचे झाले होते.

डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी घेतली आणि १७८२च्या सालबाईच्या तहात ती त्यांच्याकडे कायम झाली. इंग्रजांच्या काळात स्पेलिंग बदलली, आडनावे तीच राहिली.

मग ‘ईस्ट इंडियन’ हे नाव कशासाठी?

येथे गोष्ट पोटापाण्याशी येऊन भिडते. एकोणिसाव्या शतकात मुंबईत गोदी, आगबोटी, रेल्वे, कचेऱ्या वाढल्या. गोव्यातून आणि मंगळूरकडून ख्रिस्ती तरुण नोकरीसाठी मुंबईत येऊ लागले. त्यांचीही आडनावे डिसोझा, फर्नांडिस, परेरा. मुंबई, साष्टी, वसईच्या स्थानिक ख्रिस्ती लोकांना तोपर्यंत ‘पोर्तुगीज ख्रिश्चन’ म्हणत. गोव्यात पोर्तुगीजांचे राज्य चालूच होते, त्यामुळे या नावाने घोटाळा अधिकच वाढला. नोकरीच्या अर्जावर नाव वाचून इंग्रज साहेबाला कळेना, हा माणूस कंपनीच्या मुलखातला जुना रहिवासी की पोर्तुगीज प्रजाजन.

१८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला ५० वर्षे झाली. त्या वर्षी २६ मे रोजी ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ची स्थापना झाली आणि या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. ते ईस्ट इंडिया कंपनीवरून आले. कंपनीच्या अमलातले आम्ही जुने, येथलेच लोक, असे या नावातून सांगायचे होते. आडनावाने आपण कोण हे सांगता येईना, म्हणून समाजाला दुसरे नाव शोधावे लागले. पोर्तुगीज आडनाव, इंग्रजी समाजनाम आणि मराठी बोली असा हा तिहेरी मेळ तेव्हा बसला.

वसईच्या बाजूला चित्र थोडे वेगळे आहे. तेथल्या सामवेदी ख्रिस्ती समाजाला कुपारी म्हणतात आणि त्यांची स्वतःची बोली आहे. खाडीच्या अलीकडचे मीरा-भाईंदर मुंबईच्या आर्चडायोसिसमध्ये येते, तर पलीकडच्या वसईला १९९८ साली स्वतंत्र धर्मप्रांत मिळाला. आडनावे मात्र दोन्ही काठांवर तीच.

उत्तनचे बॅप्टिस्टा, टिळकांचे ‘काका’

आडनाव परके आणि माणूस इथलाच, याचे ठसठशीत उदाहरण म्हणजे बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा. त्यांचा जन्म १८६४ साली माझगावच्या मातारपाखाडीत झाला. वडिलांचे मूळ गाव उत्तन. केंब्रिजला शिकून बॅरिस्टर झालेले जोसेफ लोकमान्य टिळकांचे जवळचे सहकारी बनले. १९१६ साली टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली, तेव्हा तिचे अध्यक्ष बॅप्टिस्टा होते. ते कामगार चळवळीत होते आणि १९२५ साली मुंबईचे महापौर झाले. १९३० साली त्यांचे निधन झाले. माझगावच्या टेकडीवरची बाग आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

मराठी लोक त्यांना ‘काका बॅप्टिस्टा’ म्हणत. पोर्तुगीज आडनावाच्या आधी लोकांनी आपल्या नात्याचा शब्द लावला. होमरूलच्या सभांना जमलेल्या माणसांना हे आडनाव खटकले नाही.

आज या आडनावांमुळे काय अडते?

पहिली अडचण कागदांची. एकाच कुटुंबात सातबारावर ‘डिसोजा’, शाळेच्या दाखल्यावर ‘डिसोझा’, आधारवर ‘डिसूझा’ आणि चर्चच्या वहीत रोमन लिपीत चौथेच काही, असे सहज होते. ऑनलाइन अर्ज भरताना काही ठिकाणी अपोस्ट्रॉफी स्वीकारलाच जात नाही. मग एका कागदावर जोडून, दुसऱ्यावर जागा सोडून नाव लिहिले जाते. वारस नोंद, फेरफार, जमिनीचा मोबदला, परदेशी नोकरीचा व्हिसा, अशा वेळी हा फरक महाग पडतो. जमिनीचे भाव वाढलेल्या किनाऱ्यावर ‘तो मी आणि हाही मीच’ हे सिद्ध करत बसावे लागते.

दुसरी अडचण ओळखीची. ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या याच समुद्रात होड्या घातल्या, त्यांना त्यांच्याच शहरात ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असे विचारले जाते. पूर्वी मीरा-भाईंदर नगरपालिका होती, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महापालिका झाली. इमारती उभ्या राहिल्या, वस्ती वाढली आणि जुनी गावे संख्येने लहान झाली. नव्या रहिवाशाला पाटीवरचे आडनाव दिसते. त्यामागची चारशे-पाचशे वर्षे दिसत नाहीत. डोंगरीचे अवर लेडी ऑफ बेथलेहेम, उत्तनचे अवर लेडी ऑफ द सी, भाईंदरचे अवर लेडी ऑफ नाझरेथ आणि काशीमीऱ्याचे सेंट जेरोम ही चर्च मात्र या गावांच्या जुन्या वस्तीची खूण म्हणून उभी आहेत.

आपल्या आडनावाचा शोध कसा घ्यावा?

मोबाइलवर आडनाव टाकले की मूळ देश, अर्थ आणि घराण्याचे रंगीत चिन्ह दाखवणाऱ्या वेबसाइट भरपूर आहेत. काही त्यासाठी पैसेही घेतात. त्या आडनावाचा अर्थ सांगतात, तुमच्या घराण्याचा इतिहास नव्हे. ढाल-तलवारीचे ते चिन्ह पोर्तुगालमधल्या एखाद्या सरदाराचे असते. त्या नावाच्या प्रत्येक माणसाचा त्यावर हक्क नसतो, पोर्तुगालमध्येसुद्धा नाही.

खरा शोध घराजवळच सुरू होतो. आजी-आजोबांची पूर्ण नावे, त्यांची गावे आणि घरांची टोपणनावे आधी लिहून घ्यावीत. मग ज्या चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा किंवा लग्न झाले, तेथल्या पॅरिश कार्यालयात नोंदीचा उतारा मागावा. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईवडिलांबरोबर धर्मपिता आणि धर्ममाता यांचीही नावे असतात. कुटुंबाचा कोणाशी संबंध होता हे त्या नावांवरून समजते. जोडीला जुने सातबारा उतारे, फेरफार नोंदी, शाळेचे जनरल रजिस्टर आणि पालिकेतील जन्म-मृत्यूच्या नोंदी पाहाव्यात. चर्चच्या वहीत परेरा आणि जमिनीच्या कागदात दुसरेच नाव आढळले, तर दचकू नये. ते कदाचित जुन्या घराचे नाव असेल, आणि ते हाती लागणे हे मोठेच यश.

कागदांतला फरक मात्र वेळीच दुरुस्त करून घ्यावा. घरातल्या सर्वांनी एकच मराठी आणि एकच रोमन स्पेलिंग ठरवावे. नाव किंवा स्पेलिंग अधिकृतपणे बदलायचे असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात तशी नोंद प्रसिद्ध करता येते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम राज्य सरकारने बंधनकारक केला आहे. त्यामुळे नव्या बाळाचा जन्मदाखला काढतानाच आडनावाचे स्पेलिंग नीट तपासून घेतले, तर पुढच्या पिढीचे बरेच हेलपाटे वाचतील.